नकाशातली चूक कोणती? गोव्याचा प्रादेशिक आराखडा आणि कलम १७(२)

१३ मार्च २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) खाली केलेले २०२३ चे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वं रद्द ठरवली, आणि खुद्द कलमाचा अर्थही आखडता घेतला. गोवा फाउंडेशन, गोवा बचाव अभियान आणि खाजन सोसायटी ऑफ गोवा याचिकाकर्ते होते. बातमीत हे सगळं ‘जमीन रूपांतर’ या दोन शब्दांत आटोपलं. प्रत्यक्षात प्रश्न बराच बारीक होता: राज्याच्या आराखड्यात एका सर्व्हे नंबरचा रंग, म्हणजे झोन किंवा ठरवून दिलेला वापर, बदलायचा, तर त्याला ‘दुरुस्ती’ कधी म्हणायचं?

शेतजमीन वाचवण्याचे कायदे गोव्यात कमी नाहीत. १९९१ च्या जमीन वापर नियमन कायद्याने कुळाच्या नावे झालेली जमीन शेतीशिवाय दुसऱ्या कामाला लावायला बंदी केली. २०२३ मध्ये भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर निर्बंध घालणारा वेगळा कायदा झाला. पण त्याच वर्षी आराखड्यातल्या ‘चुका’ दुरुस्त करण्याच्या नावाखाली झोन बदलू देणारं १७(२) आलं. एका दाराला कडी घातली आणि शेजारची खिडकी उघडली, अशी ही स्थिती.

रंगाची किंमत

प्रकरण समजून घ्यायचं तर आधी हिशेब करावा. डोंगरउतारावरचं ४,००० चौरस मीटरचं एक भाट, म्हणजे झाडांची बागायती जमीन, घ्या. आराखड्यात ते ‘बागायत’ असेल तर तिथे फार्महाऊस बांधता येतं. त्यासाठी किमान ४,००० चौरस मीटर जमीन हवी आणि बांधकाम पाच टक्क्यांपर्यंत, म्हणजे २०० चौरस मीटर. तेच भाट पंचायत क्षेत्रातल्या व्हीपी-१ दर्जाच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे वसाहतीच्या झोनमध्ये, गेलं, की एफएआर (जमिनीच्या मानाने बांधकामाची मर्यादा) ८० टक्के. कागदावर ३,२०० चौरस मीटर. म्हणजे सोळापट. रस्ता आणि मोकळी जागा वजा केली तरी फरक मोठाच राहतो. जमिनीत एक फावडंही न मारता, फक्त नकाशावरचा रंग बदलून ही वाढ होते. एवढा पैसा रंगात असेल, तर सगळा जोर रंग बदलण्याच्या कलमावर पडणार, हे ओघानेच आलं.

पुढच्या परवानग्या या रंगावर उभ्या असतात. नगरनियोजन खात्याचा झोनिंग दाखला, जमीन महसूल संहिता १९६८ च्या कलम ३२ खाली जिल्हाधिकाऱ्यांची बिगरशेती वापराची सनद, खात्याची तांत्रिक मंजुरी, मग पंचायतीचा बांधकाम परवाना. बहुतेक गावांना प्रकल्प कळतो तो या शेवटच्या पायरीवर. तोवर झोन बदललेला, सनद हातात. मग पंचायतीने परवाना अडवला तरी वरच्या अपिलात तिची बाजू लंगडी पडते, कारण ‘आराखड्याप्रमाणे ही जमीन सेटलमेंटच आहे’ हे उत्तर तयार असतं.

मागचं थोडं

गोव्याचा नगरनियोजन कायदा १९७४ चा. त्याखालचा पहिला मोठा प्रादेशिक आराखडा, ‘आराखडा २००१’, १९८६ मध्ये आला. नंतरचा ‘आराखडा २०११’ ऑगस्ट २००६ मध्ये अधिसूचित झाला आणि त्यात डोंगर, बागायती, किनारपट्टीचे मोठे तुकडे सेटलमेंटमध्ये गेल्याचं लोकांच्या लक्षात आलं. गोवा बचाव अभियान उभं राहिलं, डिसेंबरमध्ये पणजीच्या आझाद मैदानावर मोठी सभा झाली, आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारने आराखडा मागे घेतला. अधिसूचित झालेला अख्खा आराखडा लोकांच्या रेट्याने मागे जाणं ही आपल्याकडे क्वचितच घडणारी गोष्ट. मात्र जागा रिकामी राहिली नाही. जुना १९८६ चा आराखडा परत लागू झाला. आंदोलनांच्या यशाबद्दल बोलताना हा भाग सहसा गाळला जातो.

मग वास्तुरचनाकार चार्ल्स कुरैय्या यांचा सहभाग असलेलं कृती दल नेमलं गेलं. दलाच्या ‘आराखडा २०२१’ चा मसुदा २००८ मध्ये आला. गावोगावचे नकाशे पंचायतींकडे गेले, ग्रामसभांनी सूचना दिल्या, आणि २०११ पर्यंत टप्प्याटप्प्याने तो अधिसूचित झाला. २०१२ मध्ये सरकार बदललं आणि आराखडा स्थगित झाला. पुढे तोच परत कामात घेतला गेला. २०१८ मध्ये कायद्यात १६ब हे झोन बदलाचं कलम आलं, त्यालाही न्यायालयात आव्हान मिळालं. २०२३ मध्ये १७(२), २०२४ मध्ये ३९अ. आराखडा एकच, आणि सहा वर्षांत त्याला बगल देणारी तीन कलमं.

आराखडा २०२१ ची खरी ताकद त्याच्या इको झोनमध्ये होती. पहिल्या झोनमध्ये जंगल, अभयारण्यं, खारफुटी, खासगी वनं, पाणथळ जागा, भातशेती आणि खाजन. दुसऱ्यात बागायती, इतर लागवडीची जमीन, मिठागरं वगैरे. २५ टक्क्यांहून जास्त उतार, म्हणजे चार मीटर पुढे जाताना एक मीटरहून जास्त चढ, बांधकामाला बंद. खासगी वन ठरवण्याचे निकषही मोजता येण्यासारखे होते: सलग किमान पाच हेक्टर, झाडोऱ्याची घनता ०.४, आणि ७५ टक्के झाडं वनातल्या जातींची. म्हणजे ‘निसर्गरम्य’ असल्या मोघम विशेषणांवर हे संरक्षण उभं नव्हतं. मोजपट्टी घेऊन वाद घालता येईल असं होतं.

एक खाजन भरलं की काय होतं

भातशेतीचा एक तुकडा सेटलमेंट केल्याने असं काय बिघडतं, हा प्रश्न शहरात राहणारा माणूस विचारतोच. उत्तर खाजनाच्या रचनेत आहे.

खाजन ही खाडीच्या भरतीरेषेखालची शेती. चिखल-मातीचा, बाहेरून चिऱ्यांनी बांधलेला बांध खाडीला अडवतो. बांधात ‘मानस’ असते, म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरती आली की खाडीच्या पाण्याच्या दाबाने झडप आपोआप मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. माणूस नाही, मोटर नाही. आतलं पाणी ‘पोंय’ नावाच्या अंतर्गत ओहोळातून मानशीकडे वाहत येतं, ओहोटीच्या वेळी तिथे जाळं लावून मासे धरतात, आणि त्या मासेमारीचा लिलाव होतो. जूनचा पाऊस जमिनीतलं मीठ धुऊन काढतो आणि मग खारं सोसणारं कोरगुट भात लावलं जातं.

या रचनेत कुठलंच शेत सुटं नाही. सगळी एका उथळ बशीचे भाग आहेत. आता त्या बशीत ४,००० चौरस मीटरचा एक तुकडा दीड मीटर भरावाने उचला. ६,००० घनमीटर माती लागेल. एका टिपरमध्ये १० घनमीटर धरली तर ६०० खेपा. हा भराव पावसात वाहून जाऊ नये म्हणून चारी बाजूंनी चिऱ्यांची भिंत येते. मुसळधार पावसात त्या जागेवर फूटभर पाणी उभं राहत असेल, तर जवळपास १२ लाख लिटर पाणी आता शेजाऱ्याच्या शेतात जाणार. भिंतीखाली शेतातला पाट दबलेला असतो, त्यामुळे ते पाणी मानशीपर्यंत पोचतही नाही.

पहिल्या पावसाळ्यात शेजाऱ्याचं रोप कुजतं. दुसऱ्या वर्षी तो पेरत नाही. तिसऱ्या वर्षी बांधाच्या डागडुजीची वर्गणी देणारी घरं कमी होतात, बांधाला भगदाड पडतं, खारं पाणी आत येतं आणि खारफुटी उगवते. पाचव्या वर्षी शेजारी, किंवा त्याच्याकडून जमीन घेणारा, अर्ज करतो: ‘सदर जमीन अनेक वर्षांपासून पडीक आहे, शेतीयोग्य राहिलेली नाही, लगत वसाहत आहे.’ यातलं एकही वाक्य खोटं नसतं. पडीकपणा पहिल्या भरावानेच आणला, एवढंच त्यात लिहिलेलं नसतं.

कायद्यात याला आडकाठी आहे. कलम १७अ प्रमाणे डोंगर कापायला किंवा सखल जमीन भरायला मुख्य नगरनियोजकांची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते. अडचण वेळेची आहे. ६०० खेपा रात्रीच्या चार टिपरांनी दोन-तीन आठवड्यांत उरकतात. काम थांबवण्याची नोटीस निघेपर्यंत भराव पुरा झालेला असतो, आणि टाकलेली माती परत उचलायला लावल्याची उदाहरणं बोटांवर मोजण्याइतकी. म्हणून तक्रार कधी करायची याचं उत्तर ‘पहिली भिंत दिसल्यावर’ असं आहे. शेताच्या कडेने चिरे रचले गेले की पुढचं काय ते ओळखावं.

डोंगराचं गणित वेगळं, पण जात तीच. जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे पठार, पावसाचं पाणी पिऊन खाली सोडतो. पायथ्याच्या झऱ्या, विहिरी आणि कुळागरं (सुपारी-नारळाच्या बागा) त्यावर जगतात. सड्यावर फरसबंदी आणि उतारावर डोंगरकापणी झाली की पावसाळ्यात चिखल कुळागरात येतो आणि मार्चमध्ये झर आटते. नुकसान होतं ते खालच्या वाड्यावर. तिथल्या माणसाचं नाव कुठल्याच अर्जात नसतं.

१७(२) कसं चालत होतं

कलमाचे शब्द निरुपद्रवी होते. आराखड्यात अनवधानाने राहिलेली चूक सुधारणं आणि विसंगत झोनिंग दुरुस्त करणं, असे दोन हेतू. पहिल्याला कुणाची हरकत असायचं कारण नाही. आराखड्यात चुका असतात, आणि त्या का होतात हेही ठाऊक आहे. राज्याचा नकाशा २५ हजारांत एक या प्रमाणात काढला तर कागदावरची एक मिलीमीटरची रेघ जमिनीवर २५ मीटर होते. गोव्यातल्या वाड्यांमध्ये कितीतरी घरं आवारासकट तेवढ्या पट्टीत मावतात. सर्व्हेच्या वेळी उभं असलेलं जुनं घर नकाशात शेतात पडलं, तर त्या घरमालकाने दुरुस्ती मागू नये तर काय करावं?

गाडी अडली दुसऱ्या शब्दावर. ‘विसंगत’ म्हणजे कशाशी विसंगत? जमीनमालक अर्ज करतो, मालकीची कागदपत्रं, एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्कांची आणि पिकाची नोंद) आणि सर्व्हे नकाशा जोडतो. खातं छाननी करतं, सरकार मान्यता देतं, बदल राजपत्रात छापून येतो. अख्खा आराखडा तयार करताना लोकांसमोर मसुदा ठेवावा लागतो, हरकती मागवाव्या लागतात. तोच आराखडा तुकड्या-तुकड्याने बदलताना गावाला विचारायची पायरीच या नियमांत नव्हती. राजपत्र कोण रोज वाचतं? वाचलं तरी त्यात फक्त सर्व्हे नंबर आणि उपविभाग. तो आपल्या गावचा कुठला कोपरा, हे कळायला नकाशा शोधून काढावा लागतो.

‘विसंगत’ या शब्दाची खरी खोड मात्र कार्यपद्धतीत नव्हती, तर्कात होती. समजा ४१, ४२, ४३ आणि ४४ असे चार सर्व्हे नंबर ओळीने आहेत. ४१ जुनी वसाहत, बाकीची शेतं. ४२ चा मालक म्हणतो, ‘माझ्या शेजारी वसाहत आहे, मग माझंच शेत हिरवं का? विसंगती आहे.’ मान्य होतं. आता ४३ च्या शेजारी वसाहत आली. काल ते दोन शेतांच्या मधलं शेत होतं, आज ते वसाहतीला लागून आहे. म्हणजे विसंगत! मग ४४. प्रत्येक दुरुस्ती पुढच्या दुरुस्तीचा पुरावा तयार करते. वसाहतीची हद्द कुठेतरी संपणारच आणि संपते तिथे पलीकडे शेत असणारच. या न्यायाने हद्दीलगतचं प्रत्येक शेत विसंगत ठरतं आणि हद्द या संकल्पनेलाच अर्थ राहत नाही.

‘आमच्या जमिनीवर अन्याय झाला’ म्हणणारे सगळेच बिल्डर नसतात, हेही नोंदवायला हवं. भावंडांत वाटणी झाली, एकाच्या वाट्याला घराला जागा नाही, असे अर्जदार असतात. त्यांच्यासाठी वाट असावीच. पण ३०० चौरस मीटरच्या घरासाठीची वाट आणि तीन हेक्टरच्या डोंगरासाठीची वाट एकच ठेवली, की लहान माणूस मोठ्याची ढाल होतो.

न्यायालयाने जे अमान्य केलं त्याचा गाभा असा: आराखडा ही अभ्यास, सर्वेक्षण आणि जनसहभागातून झालेली एकसंध गोष्ट आहे. चूक सुधारण्याच्या अधिकारातून खासगी मालकाच्या अर्जावर एकेका प्लॉटचा झोन बदलत राहिलं तर मूळ आराखडाच उरत नाही. ‘विसंगत’ ठरवण्याचे निकष नियमांत पुरेसे बांधलेले नव्हते, हाही मुद्दा त्यात आलाच.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा पेच परका नाही. तिथे १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमात कलम २० आणि कलम ३७ यांमधून फेरबदल होतात, पण निदान नोटीस काढून हरकती मागवाव्या लागतात. ३७ मधला ‘किरकोळ फेरबदल’ हा शब्द किती ताणला जातो, हे ज्याने एकदा तरी हरकत नोंदवली आहे त्याला वेगळं सांगायला नको.

चूक की इच्छा: कागदावरून ओळखणं

झोन बदलाचा एखादा प्रस्ताव समोर आला तर तो खरी दुरुस्ती आहे की नाही, हे बऱ्याच वेळा तासाभरात कळतं. आधी मूळ सर्व्हे नकाशा बघावा. त्यावर घराची खूण आहे का? मग एक-चौदाचा उतारा: पिकाच्या रकान्यात भात, नारळ, काजू काय लिहिलंय, इतर हक्कांत कूळ किंवा मुंडकार (मालकाच्या जमिनीवर घर करून राहणारा) आहे का? कूळ असेल तर १९९१ चा कायदा आडवा येतो, झोन काहीही असो. त्यानंतर १९८६ चा आराखडा आणि २०२१ चा आराखडा शेजारी-शेजारी. दोन्हींत जमीन शेती किंवा बागायत असेल आणि सर्व्हेत घर नसेल, तर दोन वेळा, वेगवेगळ्या लोकांनी, वीस-पंचवीस वर्षांच्या अंतराने तीच ‘चूक’ केली असं म्हणावं लागेल. ते पटण्यासारखं नाही.

क्षेत्रफळही बोलतं. रेघ सरकल्याने होणारी चूक हद्दीलगत, अरुंद आणि वेड्यावाकड्या आकाराची असते. अर्जातला तुकडा प्लॉटच्या चारी हद्दींना बरोबर भिडणारा, मालकी हक्काच्या रेघेवर थांबणारा असेल, तर ती नकाशाकाराची चूक नव्हे. पेन घसरतो तेव्हा मालकाचं नाव वाचून घसरत नाही.

शेवटी जागेवर जावं, आणि जायचंच तर जुलैत जावं. मे महिन्यात सखल शेत आणि भरीव जमीन सारखीच दिसते. पावसाळ्यात पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, मानस कुठल्या बाजूला आहे, हे डोळ्यांनी दिसतं आणि तारखेसह फोटो काढता येतात. हरकतीत ‘पर्यावरणाचा ऱ्हास होईल’ एवढंच लिहिलं तर ती बाजूला पडते. ‘सर्व्हे नंबर अमुकमधला पाट पोंयीला मिळतो, तो बंद झाल्यास वरची अमुक शेतं पाण्याखाली जातील, सोबत नकाशा आणि फोटो’ असं लिहिलं की अधिकाऱ्याला त्यावर लेखी मत द्यावं लागतं, आणि पुढे न्यायालयात तेच मत तपासलं जातं.

आराखड्यात जे नव्हतंच

निकाल लागला म्हणून आराखडा २०२१ निर्दोष ठरत नाही. त्याने हिरव्या रंगाखालच्या जमिनीच्या मालकाला ‘हे करू नको’ एवढंच सांगितलं. भात लावायला माणसं मिळत नाहीत, रानडुकरं आणि गवे पीक खातात, बांधाचा खर्च वाढतो, यावर नकाशाकडे उत्तर नाही आणि ते त्याचं कामही नाही. पण ते दुसऱ्या कुणीच उचललं नाही, तर पडीक शेतांची संख्या वाढत जाते आणि दर वर्षी ‘शेतीयोग्य नाही’ हा अर्ज आणखी खरा होत जातो.

मोबदल्याचा प्रयोग पुण्यात झाला. तिथे समाविष्ट २३ गावांतल्या टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचं आरक्षण पडलं आणि मालकांना ८ टक्के टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकाम हक्क) देऊ केला गेला. मालकांना तो फारच कमी वाटतो, म्हणून जमिनी ताब्यात यायचं काम रखडतं. तरी टेकडी राखायची तर तिच्या मालकाशी काही व्यवहार करावा लागतो, हे त्यात मान्य केलेलं आहे. गोव्यात तेही नाही.

दुसरी उणीव मागणीची. २०११ च्या जनगणनेत गोव्याची ६२ टक्के वस्ती शहरी होती, देशातल्या राज्यांत सर्वांत जास्त, आणि बंद घरांचं प्रमाणही मोठं. सुट्टीपुरती उघडणारी घरं ही गोमंतकीयांची निवासाची गरज नव्हे. आराखडा मात्र दोन्हींना एकाच ‘सेटलमेंट’ रंगात धरतो. मोपा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाल्यावर पेडणे तालुक्यात जमिनींवर आलेला दाब हा याच दुसऱ्या मागणीचा आहे, आणि ‘गावाला घरं हवीत’ असं म्हणून तो मोजता येत नाही.

३९अ पुढे आहेच. २०२४ मध्ये आलेलं हे कलम चूक सुधारण्याचा बहाणाही करत नाही. झोन बदल असंच त्याचं नाव. त्यात सूचना-हरकतींसाठी ३० दिवस ठेवले आहेत. १७(२) मध्ये तेवढेही नव्हते, म्हणून ही सुधारणाच. पण ३० दिवसांत नोटीस दिसायला हवी, सर्व्हे नंबर गावात ओळखायला हवा, ग्रामसभा बोलवायला हवी आणि जुलै नसेल तर मागच्या जुलैचे फोटो हाताशी हवेत. गावांनी म्हणूनच आपल्या सगळ्या मानशी, पोंयी, पाट आणि झरी सर्व्हे नंबरांसह आधीच एका यादीत उतरवून ती ग्रामसभेच्या ठरावाला जोडून ठेवायला सुरुवात करावी. यादीचं काम एका पावसाळ्याचं आहे, आणि नोटीस आल्यावर ते होत नाही.